कातरणांतील कला

(समाजाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या वर्षीच्या मेळाव्यात कलेविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही चित्रकार नव्हे, शिल्पकार नव्हे. आमची हयात कापडावर खडूच्या रेघा ओढण्यात आणि त्या रेघांवरून कात्री चालविण्यात गेली. कला म्हटली की अजिंठ्याच्या भिंती नाही तर मोठमोठ्या संग्रहालयांतील सोनेरी चौकटी डोळ्यांपुढे उभ्या राहतात, आणि तेथे आमच्यासारख्याने तोंड उघडणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. परंतु विचार करू लागलो, तसतसे ध्यानात आले की ज्या वस्तूविषयी आम्हांस खरोखर काही सांगावयाचे आहे, ती वस्तू जन्मभर दुकानात आमच्या पायांखालीच पडलेली होती. ती वस्तू म्हणजे कातरण.

संत नामदेव महाराजांचे नाव आपण अभिमानाने सांगतो. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आली आहेत, त्यांतील एका पदात गज, कात्री, सुई आणि दोरा ही आपल्या धंद्याची चारही साधने भक्तीच्या कामी लावलेली आहेत. त्या चार वस्तूंच्या पंगतीला आज एक पाचवी वस्तू बसवावी, एवढाच आमचा हेतू आहे. कातरणाला त्या पंगतीत पाट मिळावा की नाही, हे आपण ऐकून ठरवावे.

येथे बसलेल्या पुष्कळांनी कापड बेतलेले आहे. तरुण मंडळींसाठी थोडे सांगतो. कापड गिरणीतून येते ते सरळ, काटकोनात. माणसाचे शरीर मात्र कोठेही सरळ नाही. म्हणून मुंढ्याला गोलाई द्यावी लागते, गळ्याला खोली द्यावी लागते, कळी तिरपी कापावी लागते, आसनाला बाक ठेवावा लागतो. या प्रत्येक वळणावर कात्री फिरली की बाहेरच्या अंगाने एक तुकडा गळून पडतो. मुंढ्याचा तुकडा चंद्रकोरीसारखा, गळ्याचा अर्ध्या भाकरीसारखा, कळीजवळचा लांबट त्रिकोणी. हे तुकडे म्हणजे माणसाच्या देहाने नको म्हणून वगळलेले कापड होय. त्यांचा आकार कोणी मुद्दाम योजलेला नसतो. चांगल्या कारागिराची कीर्ती तर ते जितके लहान पडतील तितकी मोठी. आमचे आजोबा या बाबतीत कऱ्हाडच्या बाजूच्या दहा गावांत प्रसिद्ध होते. सव्वादोन वारांत ते असा सदरा बेतीत, की गिऱ्हाईक उरलेले कापड मागावयास येई आणि रिकाम्या हाताने परत जाई. गावाला याचे कौतुक, पण आमच्या आजीची मात्र नित्य कुरकुर असे; कारण दुकानाच्या पाटाखालच्या गोणपाटात जे पडे, त्यावर तिचा संसार चाले.

त्या गोणपाटातील कातरणांची आजी वाकळ शिवी. शहरात जिला गोधडी म्हणतात, तीच ही. चैत्र-वैशाखात उन्हे कडक झाली आणि शेतांची कामे उरकली म्हणजे घरातल्या व शेजारच्या बायका मिळून हे काम काढीत. जुनी लुगडी आणि धोतरे स्वच्छ धुऊन, वाळवून घ्यावयाची. सारवून वाळलेल्या जमिनीवर एक धडके लुगडे ताणून पसरावयाचे आणि चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, तांब्या, जे हाती लागेल ते वजन म्हणून ठेवावयाचे. त्यावर विरलेल्या धोतरांचे थर घालावयाचे. आणि सर्वांत वर, जेथे दिसेल तेथे, कातरणे मांडावयाची. मग दाभणासारख्या जाड सुईने धावदोरा कडेने सुरू करावयाचा आणि चौकोनात चौकोन घेत घेत मध्यापर्यंत आणावयाचा. दोन बायका समोरासमोर बसल्या तरी थोरल्या वाकळीला कित्येक दिवस लागत. आजोबा वारले त्या वर्षी त्यांची तिन्ही धोतरे अशीच एका वाकळीच्या पोटात गेली. त्यावर कोणी काही बोलले नाही. आजीने ती धोतरे बाकीच्या चिंध्यांत मिसळू दिली नाहीत, सलग घातली, एवढेच आम्ही पाहिले.

टाके घालण्याचे काम कोणालाही देता येई. कातरणे मांडण्याचे काम मात्र आजी कोणाला देत नसे. ती तुकडे मांडी, उठे, दारापाशी जाऊन उभी राही, परत येई, दोन तुकडे हलवी, पुन्हा दारापाशी जाई. स्वयंपाक खोळंबला तरी तिला त्याचे भान नसे. एका वर्षी आमच्या वडिलांना लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवण्याचे काम मिळाले होते. तांबडेभडक कापड, खांद्यावर पिवळी गोंडेदार फीत. मापे नीट घेतली असल्यामुळे त्या तांबड्या कापडाचे कातरण जेमतेम ओंजळभर उरले. आमच्या घरात तोपर्यंत असा रंग आला नव्हता. आजीकडे जमलेले सारे कापड म्हणजे सदऱ्यांचे पांढरे आणि खाकी, चोळ्यांचे हिरवे आणि जांभळे, शाळकरी पोरांच्या चड्ड्यांचे निळे. आमच्या मातुःश्रींनी सुचविले, हे तांबडे तुकडे मधोमध एकत्र लावावेत, शोभा येईल. आजीने मान हलविली.

"अगं, मधी ठिवला तर डोळा तितंच बसतो. बाकीची वाकळ मग कुनी बघायची?"

तिने त्या कापडाचे पाच लहान तुकडे केले आणि ते असे दूर दूर लावले, की एकावरून दुसऱ्यावर जाता जाता नजर साऱ्या वाकळीवरून फिरून यावी. एक तर अगदी कडेला, अर्धा मुडपलेला. त्या वेळी आम्ही आठ-नऊ वर्षांचे होतो. हिवाळ्यात त्या वाकळीवर निजताना बोटाने तांबड्यावरून तांबड्यावर प्रवास करणे हा आमचा झोपेपूर्वीचा उद्योग होता.

याला कला म्हणावे काय, असा प्रश्न त्या काळी कोणासही पडला नाही. घरात त्याला काटकसर म्हणत. आम्हांस हा प्रश्न पुष्कळ वर्षांनी पडला, तो एका चित्रग्रंथात एक गोधडी छापलेली पाहिली तेव्हा. ती होती सोनिया दलोने या चित्रकर्तीची. बाईंचा जन्म १८८५ साली युक्रेनमध्ये झाला, त्या सेंट पीटर्सबर्गला वाढल्या आणि चित्रकलेसाठी पॅरिसला येऊन तेथेच स्थायिक झाल्या. १९११ साली त्यांना मुलगा झाला. रशियातील शेतकऱ्यांच्या घरी कापडाच्या तुकड्यांची पांघरुणे असत, ती त्यांच्या आठवणीत होती. तसेच एक त्यांनी तान्ह्या बाळासाठी शिवले. त्या काळी पॅरिसच्या चित्रकारांत वस्तूंचे आकार मोडून त्यांची नव्याने मांडणी करणाऱ्या घनवादाची चर्चा चालू होती. शिवून झाल्यावर बाईंना त्या दुपट्यात तीच गोष्ट दिसली. कोठल्याही वस्तूचे चित्र नाही, केवळ रंगाशेजारी रंग, आणि तरी नजर हलत राहते. तीच रीत त्यांनी व त्यांचे पती रोबेर यांनी चित्रांत आणून पाहिली. पुढे बाईंची कापडे, पोशाख, रंगभूमीची वेशभूषा, सारे त्या एका दुपट्याच्या वाटेने गेले. १९६४ साली लूव्र संग्रहालयात त्यांच्या कामाचे प्रदर्शन भरले, आणि ते दुपटे आज पॅरिसच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रही आहे. तेव्हा, चित्रकाराने चित्र काढले आणि त्यावरून शिंप्याने कापड शिवले, असा उतरता क्रम आपण जो नेहमी गृहीत धरतो, तो येथे उलटा आहे. आधी सुई चालली, कुंचला तिच्या मागून गेला.

परंतु दलोनेबाई शिकलेल्या चित्रकर्ती होत्या, त्यांची दृष्टी तयार होती, असे कोणी म्हणेल. म्हणून दुसरे उदाहरण घेतो, आणि ते आम्हांस अधिक जवळचे वाटते. अमेरिकेत अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणात जीज बेंड नावाची वस्ती आहे. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या कृष्णवर्णी लोकांचे वंशज तेथे राहतात. मळ्याच्या धन्याचे पेटवे हे आडनाव आजही त्यांच्यातील पुष्कळांना आहे. घरे लाकडी, थंडी फटींतून आत येणारी. तेथील बायका कामाच्या जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत. गुडघ्यावर विटलेली जाड निळी विजार, खिसा उसवला की त्या जागी उरणारा गडद चौकोन, हे त्यांचे रंग. मिसुरी पेटवे नावाच्या बाईने १९४२ साली, पती वारल्यावर, त्याचे कामाचे कपडे उसवून त्यांची गोधडी केली. त्याची आठवण पांघरून निजावे म्हणून. हे आम्ही वाचले तेव्हा आजोबांची तीन धोतरे आठवली, आणि पुस्तक काही वेळ मिटून ठेवावे लागले.

१९६६ साली त्या भागातील बायकांनी शिवणकामाची एक सहकारी संस्था काढली. १९७२ साली तिला एका मोठ्या व्यापारी कंपनीकडून कॉर्डरॉय कापडाच्या उशांचे अभ्रे शिवण्याचे काम मिळाले. अभ्रे ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या रंगांचे. त्यात बायकांना स्वतःचे असे काही करावयास वाव नव्हता. पण कातरणे उरली! ती वस्तीभर वाटली गेली आणि त्या जाड, उभ्या रेघांच्या कापडातून ज्या गोधड्या निघाल्या, त्यांची गणना आज त्या वस्तीच्या उत्कृष्ट कामांत होते. मालकाच्या मापाचे काम दिवसा आणि स्वतःच्या डोळ्याचे काम रात्री, हा हिशेब जगभरच्या शिंप्यांना समजेल. २००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात व नंतर न्यूयॉर्कला या गोधड्यांचे प्रदर्शन झाले, जाणकारांनी त्यांची तुलना नामांकित आधुनिक चित्रकारांशी केली, आणि २००६ साली अमेरिकेच्या टपालखात्याने त्यांतील दहा गोधड्यांची तिकिटे काढली. एवढा गौरव झाल्यावर मोबदल्याचा प्रश्न निघालाच. २००७ साली काही जणींनी आपला वाटा मिळाला नाही म्हणून न्यायालयात धाव घेतली. पुढे तो वाद मिटला. कलेच्या व्याख्यानात पैशाची गोष्ट काढू नये असे म्हणतात, पण आपण दुकानदार माणसे आहोत. शिलाई बुडाली तर काय वाटते, ते आपल्याला ठाऊक आहे.

आता इतक्या दूर जाण्याचे कारण काय, असे आपण विचाराल. जवळ येतो. गोव्याच्या सीमेला लागून उत्तर कन्नड जिल्हा आहे. तेथे हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगीजांनी यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणले, आणि त्यांतील पुष्कळ जण पळून घाटाच्या रानात शिरले. यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला कौदी म्हणतात. रीत आपल्यासारखीच, कोपऱ्यापासून टाका धरून आत आत जाण्याची. पण शेवटी चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून एकेक त्रिकोणी फूल लावतात. त्याला त्या फुला म्हणतात. फुला नसेल तर कौदी नागडी राहिली असे त्या मानतात. हेन्री ड्र्यूअल या अमेरिकन कलाभ्यासकाने या कौद्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्या बाहेरच्या लोकांस कळल्या. ज्या घरात थंडीपुरतेही कापड पुरत नसे, त्या घरात ऊब न देणाऱ्या चार फुलांसाठी कापड राखून ठेवले जाई. काटकसर हा शब्द येथे अपुरा पडतो, असे आम्हांस वाटते. काटकसरीने फुला कधी लागला नसता.

बंगालच्या कांथ्याविषयी आपण ऐकले असेल. जुन्या साड्यांच्या काठांतून रंगीत दोरे ओढून काढावयाचे आणि त्याच जुन्या साड्यांवर त्यांनी हत्ती, रथ, कमळे भरावयाची, अशी ती कला. गुरुसदय दत्त या सनदी अधिकाऱ्याने गावोगाव फिरून कांथे जमविले. कोलकात्याजवळ जोका येथे त्यांच्या नावाचे संग्रहालय आहे. तो विषय मोठा आहे, त्यात आज शिरत नाही.

एका गोष्टीविषयी मात्र आमची तक्रार नोंदवितो. १९५५ साली रॉबर्ट राउशेनबर्ग या अमेरिकन चित्रकाराने उशी, चादर आणि गोधडी यांवर रंग ओतून, पेन्सिलीच्या रेघा ओढून ते सारे भिंतीवर टांगले. त्या कृतीचे नाव 'बिछाना'. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ती आहे आणि कलेच्या इतिहासात तिला मान आहे. चित्रकाराच्या धाडसाविषयी आम्हांस काही म्हणावयाचे नाही. पण त्या कृतीच्या साहित्याच्या यादीत तैलरंग, पेन्सिल, उशी, गोधडी, चादर असे लिहिलेले असते. जी गोधडी कोणीतरी तुकड्याला तुकडा जोडून आधीच रचलेली होती, ती तेथे केवळ 'साहित्य' ठरली. आम्ही शिंपी असल्यामुळे आम्हांस हे खटकते. चित्रकारांस न खटकणे शक्य आहे.

येथे आम्हीही सावध राहिले पाहिजे. पंख्याखाली बसून गरिबीतील सौंदर्याचे गोडवे गाणे सोपे असते. आजीपाशी पैसा असता, तर तिने बाजारातून चांगली लोकरीची घोंगडी किंवा रग विकत घेतला असता, यात आम्हांस शंका नाही. तिची बोटे सुईने भोसकलेली असत, पुढे तिची दृष्टी गेली, ती या कामापायीही असेल. दारिद्र्याने तिला कला दिली, असे आम्ही म्हणणार नाही. दारिद्र्याने तिला केवळ वेडेवाकडे तुकडे दिले. दारापाशी जाऊन उभे राहणे तिचे स्वतःचे होते. तेच तुकडे शेजारणीही जोडीत, आणि त्यांच्या वाकळीही तितकीच ऊब देत.

आता एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून हे व्याख्यान पुरे करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पाच तांबड्या तुकड्यांची ती वाकळ आजीच्या पश्चात आमच्या वाट्यास आली. १९८८ साली पुण्यात आम्ही नवे घर घेतले. नवे पलंग आले, नव्या गाद्या आल्या. वाकळ माळ्यावर गेली. एके दिवशी दारात बोहारीण आली. जुने कपडे घालून झाले तरी तिचा भाव जमेना. घरातून सूचना आली की वाकळ राहू द्यावी. आम्हीच म्हणालो, "द्या टाकून, नव्या घरात ते चिंध्यांचे गाठोडे कशाला?" बदल्यात एक स्टीलचे पातेले मिळाले. ते पातेले चांगले निघाले. अद्याप आमच्या घरी रोज त्यात दूध तापते.

यानंतर किती तरी वर्षांनी दलोनेबाईंचे दुपटे आम्ही त्या ग्रंथात पाहिले. काचेमागे राखून ठेवलेले, रंगीत छपाईचे. शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारले, "काय झाले?" आम्ही म्हणालो, "काही नाही."

आज आपल्या धंद्याची स्थिती कोणी सांगावयास नको. तयार कपड्यांनी दुकाने ओस पाडली. जी चालतात तेथे कापड बहुतेक कृत्रिम धाग्याचे. त्याची कातरणे निसरडी, घाम न शोषणारी, वर्षे गेली तरी सुती कापडासारखी मऊ न होणारी. काही ठिकाणी महिला बचत गट नव्या कापडाचे तुकडे मुद्दाम कापून गोधड्या शिवतात व विकतात. त्यांच्या हाताला काम मिळते, हे चांगलेच आहे. पण नवे कापड मुद्दाम कापले की तुकड्याचा आकार आपणच ठरवितो, आणि मग चंद्रकोरीचे काय करावे हा प्रश्नच उरत नाही. तो प्रश्न होता म्हणून आजी दारापाशी जाऊन उभी राही. आपल्या दुकानांत अजूनही रोज कातरण पडते आणि पोत्यांनी बाहेर जाते. ते कोणाच्या घरी, कोणाच्या डोळ्यांपुढे एकदा तरी पसरले जावे, एवढी आमची इच्छा आहे.

आणखी एक गोष्ट, आणि मग आपली रजा घेतो. आम्ही आयुष्यभर समजत होतो की आजीने त्या तांबड्या कापडाचे पाचच तुकडे केले. गेल्या दिवाळीत आमच्या थोरल्या भगिनींकडे गेलो असता बोलण्यात ही गोष्ट निघाली. त्या उठल्या, आतून त्यांची वाकळ घेऊन आल्या आणि एका कडेची मुडप बोटाने उघडून दाखविली. आत नखाएवढा, न विटलेला तांबडा तुकडा होता. त्यांचे लग्न ठरले तेव्हा आजीने तो कोठून तरी काढून लावला होता.

ती वाकळ आज येथे आणली आहे. सभागृहाच्या मागच्या बाजूस, चहाच्या टेबलाशेजारी, सतरंजीवर पसरून ठेवली आहे. हात लावून पाहण्यास हरकत नाही. ती वापरण्यासाठीच शिवलेली आहे. डाव्या कडेचा धावदोरा वीतभर उसवला आहे. आमच्या भगिनी सुई-दोरा घेऊन तेथेच बसल्या आहेत. आज वय झाल्यामुळे त्यांना दोरा ओवता येत नाही, तेवढा कोणी ओवून द्यावा. टाका कसा घालावयाचा ते त्या शेजारी बसेल त्याला दाखवितील.